सोमवारचा काळा पडदा

आमच्या शाळेच्या कार्यालयातील संगणक एकदाचा बंद पडला असता, तर हा लेख लिहिण्याचे मला कारण पडले नसते. बंद पडलेल्या वस्तूचे सरळ असते. दुरुस्तीला द्यावी, नाही तर अडगळीत टाकावी. आमचा संगणक बंद पडत नसे. बटण दाबले की आतला पंखा फिरू लागे, पुढचा हिरवा दिवा लागे, सारे काही जिवंत असल्याची खूण पटे. फक्त पडदा काळाच्या काळा राही. मॉनिटरच्या कोपऱ्यातील दिवा पिवळा होऊन लुकलुकत बसे. पुन्हा बटण दाबावे, पुन्हा तेच. आणि दुपारच्या सुट्टीत सहज म्हणून सुरू करावा, तो पडदा लख्ख! जणू सकाळी काही घडलेच नव्हते. कधी चार दिवस ओळीने नीट चाले, कधी लागोपाठ दोन सकाळी तोंड उघडीत नसे. दाखवावयास माणूस बोलवावा, तर त्याच्यासमोर अगदी शहाण्यासारखा वागे. दवाखान्याच्या पायरीवर दाढ दुखावयाची थांबते, तशातला प्रकार.

हे मासिक ज्या घरांतून वाचले जाते त्यांतील पुष्कळशी इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणची असतील. त्यांना अनगोळ कोठे हे सांगावयास हवे. अनगोळ हे बेळगावच्या दक्षिण अंगाचे जुने शेतकरी गाव. आता ते शहरातच मोडते. एका बाजूस टिळकवाडी, दुसऱ्या बाजूस उद्यमबागेतील कारखाने, आणि मध्ये आमची घरे. शहराचे सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी झाले. बोलताना आम्ही अजून बेळगावच म्हणतो. मी अनगोळात राहतो आणि येथून जवळच्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक आहे. मराठी घेऊन एम. ए. झालो त्या काळी आमच्या गावात संगणक ही चपला बाहेर काढून, काचेच्या खोलीत जाऊन पाहावयाची वस्तू होती. त्याच्या पोटात काय असते हे जाणून घेण्याची वेळ माझ्यावर पन्नाशी उलटल्यावर यावी, असा योग होता.

हा संगणक शाळेकडे आला तोच वापरलेला. कार्यालयातील खिडकीखालच्या टेबलावर त्याला जागा दिली, कारण भिंतीतील एकुलते एक चांगले प्लग-पॉइंट तेथे होते. रोजची शासकीय माहिती आता मोबाइलवरूनही भरता येते; तेवढ्यासाठी आमचे काही अडले नसते. अडले ते निराळ्याच गोष्टीसाठी. शाळेचे जुने दाखल-रजिस्टर मी दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या खर्ची घालून त्या यंत्रात उतरवून काढले होते. रजिस्टराची पाने कसरीने खाल्लेली, शाई उडालेली. पहिल्या पानांवर मुंबई राज्याचे छापील शीर्षक. 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत आम्ही तिकडचे. दुसऱ्या दिवसापासून म्हैसूर राज्य. आणि 1 नोव्हेंबर 1973 पासून कर्नाटक. मुले त्याच गल्ल्यांतली, आडनावे तीच, हजेरी घेणाऱ्या मास्तरांचे अक्षरसुद्धा पुष्कळ ठिकाणी तेच. डोक्यावरची ओळ तेवढी बदलत गेलेली. आजही कोणी ना कोणी येते आणि म्हणते, "सर, आमच्या आजोबांची जन्मतारीख बघा की, दाखल्याला पाहिजे." पान उलटताना तुकडे हातात येत, म्हणून मी ते काम अंगावर घेतले. साडेतीन हजारांवर नावे. आणि या साऱ्याची दुसरी प्रत कोठे? पेन-ड्राइव्हवर होती, पण पहिल्या सुट्टीपुरतीच. दुसऱ्या सुट्टीतले काम त्या एका यंत्रातच होते.

वाचक म्हणतील, पडदा मधूनमधून येत होता ना, मग त्या वेळी प्रत का काढून घेतली नाही? हाच प्रश्न मी स्वतःला नंतर कितीदा तरी विचारला आहे. येऊन-जाऊन असणाऱ्या दोषाची हीच मेख आहे. पडदा काळा असला की मी घाबराघुबरा होऊन प्रतिज्ञा करी, की आता दिसला की पहिले काम प्रतीचे. आणि पडदा आला की मन म्हणे, झाले, बरा झाला. आता घाई कशाची?

आता त्या मुलाविषयी. शाळेत दुपारचे जेवण शिजविणाऱ्या बाई (मुले त्यांना मावशी म्हणतात) सकाळी लवकर येतात. किल्ल्या त्यांच्याकडे असतात. त्यांचा मुलगा तेव्हा सातवीत होता, तोही त्यांच्याबरोबर येई. मुलगा हुशार, पण पुस्तकात कमी आणि हाताच्या कामात जास्त. पंप सुरू करणे, घंटेची दोरी बदलणे, अशी कामे त्याने आपणहून घेतलेली. कार्यालय उघडून संगणक सुरू करून ठेवणे हेही त्यातलेच. मी येईतो यंत्र तयार असे. मला त्याचे कौतुकच होते.

26 जून 2023, सोमवार. मी नेहमीपेक्षा थोडा लवकर पोहोचलो. दारातूनच पाहतो, तर हा मुलगा संगणकाच्या डब्यावर (सारे लोक त्या डब्याला सीपीयू म्हणतात, मीही म्हणतो) तळहाताने थाड थाड मारीत होता. दोन आठवडे मला छळणाऱ्या कोड्याचे उत्तर समोर उभे होते. काळा पडदा नेहमी सकाळी असतो. सकाळी यंत्राजवळ कोण असतो? हा. आणि हा काय करतो? मारतो. तर्कशास्त्राला आणखी काय हवे?

मी त्याला वर्गासमोर उभे केले आणि बोललो. काय बोललो ते येथे लिहीत नाही. शिक्षकाच्या तोंडी शिव्या नसतात, पण शिव्यांवाचूनही बोलता येते. तो एवढेच म्हणाला, "मी मोडलो नाही ओ, सर. तिथं मारलो की लागतंय." आमच्याकडची मुले 'मी मारले' म्हणत नाहीत, 'मी मारलो' म्हणतात, शेजारच्या कन्नडाचा तो शेजारधर्म आहे. मी त्या वेळी त्याचे व्याकरणही काढले. हे मात्र लिहिलेच पाहिजे. कार्यालयात पाऊल टाकावयाचे नाही, अशी ताकीद देऊन मी विषय मिटविला.

तिसऱ्या दिवशी जेवणाची भांडी घासून झाल्यावर मावशी कार्यालयाच्या दाराशी आल्या. आत आल्या नाहीत. पदराच्या गाठीतून पाचशे रुपये काढून उंबऱ्याच्या आतल्या बाजूस टेबलाच्या कडेवर ठेवले. म्हणाल्या, "सर, पोरानं मोडलंय म्हणे. हे आता ठेवून घ्या. राहिलेलं महिन्याला थोडं थोडं कापा." त्यांना महिन्याकाठी जे मानधन मिळते ते सांगितले तर वाचकांना पाचशे रुपयांचे वजन कळेल, पण त्यांची मिळकत येथे मांडणे मला योग्य वाटत नाही. मी 'नको' म्हणावयास हवे होते. मी म्हणालो नाही. नोटा पाकिटात घालून, पाकिटावर तारीख टाकून, कपाटाच्या खणात ठेवल्या. वाटले, चुकीची किंमत असते हे मुलाला कळेल.

मुलगा गेला, दोष मात्र राहिला. पुढच्याच सोमवारी पडदा काळा. मी मनाशी म्हणालो, करावयाचे ते नुकसान त्याने करून ठेवलेच आहे. असा युक्तिवाद एकदा पत्करला की माणसाला चूक ठरणे शक्यच नसते. पडदा आला तर त्याला दूर ठेवल्याचा गुण, न आला तर त्याच्या पूर्वपापाचे फळ!

मग उपचार सुरू झाले. एका सहकाऱ्याने मॉनिटरच्या निळ्या तोंडाच्या केबलीकडे बोट दाखविले. या केबलीच्या तोंडात तीन ओळींत मिळून 15 टाचण्या असतात, आणि दोन्ही बाजूंना हाताने पिळावयाचे दोन स्क्रू. ही जोडणी 1987 साली निघाली आणि जुन्या यंत्रांवर अद्याप तीच आहे. आमचे स्क्रू खरोखरच सैल होते. पिळले. पडदा चार दिवस अखंड आला. मी त्या सहकाऱ्याला चहा पाजला. पाचव्या दिवशी पुन्हा अंधार. नंतर गावातील एक दुरुस्तीवाला आला. त्याने दाखविले की यंत्रातील तारीख दर वेळी मागे जाऊन बसते. म्हणजे आतले बटणासारखे सेल संपले आहे. त्या सेलवर 2032 असा आकडा असतो. मला वाटले, सालच असावे. पण 20 म्हणजे व्यास 20 मिलिमीटर आणि 32 म्हणजे जाडी 3.2 मिलिमीटर. सेल बदलले, तारीख ताळ्यावर आली, आणि पुढच्या सोमवारी बिनचूक तारखेचे यंत्र काळा पडदा घेऊन बसले. खरा दोष काढला होता, पण तो या दुखण्याचा नव्हता. दुसऱ्यांदा आल्यावर दुरुस्तीवाल्याने मान हलवून "मदरबोर्ड गेलाय" असा निकाल दिला आणि साडेचार हजारांचा आकडा सांगितला. त्याला दोष देत नाही. रोगी समोर ठणठणीत उभा असताना वैद्याने तरी काय सांगावे?

याच सुमारास मी एक वही घातली. खरे सांगावयाचे तर संशोधनासाठी नव्हे. वरिष्ठांकडे खर्चाची मागणी करावयाची तर पुरावा हवा, आणि त्या पुराव्यात मुलाचा उल्लेख करावा असे माझ्या मनात होते. रोज सकाळी चार रकाने: तारीख, वार, हवा, पडदा. आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनी ताप ओळखला तो असाच. तिसऱ्या दिवशी उलटतो तो तृतीयक, चौथ्या दिवशी उलटतो तो चातुर्थक. रोग दिसत नसला तरी त्याच्या येण्याजाण्याचा हिशेब ठेवावयाचा. आणि संगणकाच्या इतिहासातही वहीचा एक किस्सा आहे. अमेरिकेत हार्वर्डच्या 'मार्क टू' या यंत्रात 9 सप्टेंबर 1947 रोजी एका रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला. तो तेथील मंडळींनी चिकटपट्टीने नोंदवहीच्या पानावरच लावून टाकला आणि खरोखरीचा किडा सापडल्याची नोंद केली. यंत्रातील दोषाला 'बग' म्हणण्याची रीत त्याआधीपासून होती. त्या दिवशी शब्दाला जिवंत, म्हणजे मेलेला, पुरावा मिळाला. माझ्या वहीत पतंग सापडावयाचा नव्हता. सापडले ते निराळेच.

3 जुलैपासून 19 ऑगस्टपर्यंत शाळेच्या 40 सकाळी भरल्या. त्यांपैकी 13 काळ्या. सात सोमवारांपैकी सहा काळे. आमच्याकडे शनिवारी शाळा सकाळची असते. म्हणजे शनिवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत यंत्र थंड पडून राही. उरलेल्या सात सकाळींपुढे हवेच्या रकान्यात एक सोडून सर्वत्र 'पाऊस' अथवा 'धुके' होते. कणकुंबी-जांबोटीकडून ढग निघाले की जुलैत आमच्याकडे भिंतींना घाम येतो, मीठ पाणी होते, खडू फळ्यावर उमटत नाही. आणि संगणक खिडकीखाली! दुपारी खोली जरा उबली, यंत्र चार वेळा चालू-बंद झाले, की पडदा येई.

हे आकडे पाहत मी घरी व्हरांड्यात बसलो होतो. प्रथम आनंद झाला. मग एक गोष्ट ध्यानात आली आणि वही मिटून ठेवावीशी वाटली. या 13 ही सकाळी यंत्राजवळ पहिला माणूस कोण होता? मुलाला मी 26 जूनलाच बाहेर काढले होते. किल्ली माझ्याकडे होती, बटण मी दाबीत होतो. जून महिन्यात काळ्या पडद्याजवळ दर वेळी तो सापडला म्हणून तो आरोपी, तर जुलै-ऑगस्टमध्ये दर वेळी मी होतो. याच न्यायाने आरोपी मी ठरत होतो. तो मुलगा तेथे असे याचे कारण एवढेच, की तो सर्वांत आधी शाळेत येई.

पण तो मारीत होता, त्याचे काय? त्याचे उत्तर मजजवळ नव्हते. त्यासाठी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो. हा उद्यमबागेत एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम करतो. आयटीआय करून तेथे चिकटला; हातात कसब आहे. सर्व ऐकून घेऊन म्हणाला, "वही घातलाय ते बरं केलाय, सर. पण आता हात लावू नका. शनिवारी बंद करा ते तसंच ठेवा. ताप असताना बघायला पाहिजे." आणि जाता जाता, मला काही ठाऊक नसताना सहज बोलून गेला: "आमच्याकडे पण मशीन थांबली की पहिल्यांदा ऑपरेटरलाच धरतात बघा."

28 ऑगस्टच्या सोमवारी पाळी सुरू होण्याआधी तो आला. बटण दाबले. पंखा, दिवा, आणि काळा पडदा. इतका आनंद मला काळ्या पडद्याचा कधी झाला नव्हता! त्याने प्रथम काय केले असेल, तर काहीच नाही. खुर्ची ओढून पाहत बसला. मग निळी केबल सीपीयूच्या बाजूने काढली. त्याबरोबर मॉनिटरवर सिग्नल नसल्याची सूचना इंग्रजीत उमटली. "म्हणजे पडदा जिवंत आहे, आतला दिवा पण आहे. याचा गुन्हा नाही." केबल पुन्हा लावली. मग की-बोर्डवरील कॅप्स लॉकची कळ दाबली. दिवा लागला नाही. "यंत्र जागं झालं असतं आणि फक्त दाखवत नसतं, तर हा दिवा लागला असता. हे जागंच झालेलं नाही. पंखा फिरतोय म्हणजे जागं झालं असं नसतं, सर."

मग त्याने खिशातून बोटाच्या पेरापेक्षा लहान असा काळा भोंगा काढला. संगणक सुरू होताच पडद्याआधी स्वतःची तपासणी करतो, आणि काही चुकत असेल तर शिट्ट्या वाजवून सांगतो. पडदाच नसेल तर दुसरे सांगणार कसे? एक आखूड शिट्टी म्हणजे बहुधा सर्व ठीक. पुन्हा पुन्हा वाजणारी लांब शिट्टी म्हणजे बहुधा मेमरी. कंपनीगणिक ही भाषा थोडी बदलते. आमच्या यंत्रात भोंगाच नव्हता. कोणी काढला कोण जाणे. त्याने आपला जोडला, बटण दाबले, आणि खोलीभर लांबच लांब शिट्टी, थांबून पुन्हा शिट्टी. दोन महिने हे यंत्र रोज आपले दुखणे सांगत होते आणि आम्ही मॉनिटरचे स्क्रू पिळीत होतो.

पुढचे काम अर्ध्या तासाचे. प्लग काढला, प्लग काढून पुन्हा बटण दाबून धरले, म्हणजे आत उरलेली वीज निघून जावी. डब्याच्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरविली. पत्रा काढला. आत मेमरीच्या दोन पट्ट्या उभ्या खोचलेल्या होत्या. वीतभरही लांब नाहीत. प्रत्येकीच्या कडेला दोन्ही अंगांनी मिळून 240 सोनेरी रेघा. ही मेमरी म्हणजे यंत्राची घोकंपट्टी. वीज गेली की पुसली जाणारी. साठवणीची तबकडी निराळी, तिचा पडद्याशी काही संबंध नाही. हे कळल्यावर मी पहिला सुटकेचा श्वास टाकला. माझी साडेतीन हजार माणसे सुखरूप होती.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची, सर. दोन बदललो तर कशानं बरं झालं ते कळत नाही." या वाक्यासाठी मी त्याला गुरू मानावयास तयार आहे. त्याने दोन्ही पट्ट्या काढून एक लावली, पडदा आला. ती काढून तिच्याच खाचेत दुसरी लावली. काळोख आणि शिट्टी. म्हणजे खाच शाबूत, पट्टी दोषी. तिच्या रेघा उजेडात धरल्या तर काही ठिकाणी काळसर झाक. सोन्याला गंज चढत नाही हे खरे, पण येथला मुलामा नावापुरता असतो. तो झिजला की खालचा धातू उघडा पडतो, आणि त्यावर धूळ व दमट हवा आपले काम करतात. थंडीत, ओलीत स्पर्श तुटतो. जरा ऊब मिळाली की पुन्हा जुळतो.

"खोडरबर आहे काय, सर?"

शाळेच्या कार्यालयात एवढीच एक वस्तू मुबलक! पेन्सिलीच्या मऊ खोडरबराने त्याने त्या रेघा दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने घासल्या, चुरा चित्रकलेच्या कोरड्या कुंचल्याने झाडला, पट्टी खाचेत बसवून दोन्ही टोके 'टक्' वाजेपर्यंत दाबली. प्लग लावला, बटण दाबले. एक आखूड शिट्टी. पडदा! खर्च शून्य. त्याने मला उठू दिले नाही. रजिस्टराची प्रत आधी पेन-ड्राइव्हवर काढावयास लावली, मगच चहा घेतला.

चहा घेताना त्याने विचारले, "पण मधे जूनमध्ये सकाळी पण लागत होता म्हणता. कोण हलवत होतं काय?" तेव्हा मी सगळे सांगितले. तो हसला नाही. म्हणाला, "बोलवा की त्याला."

मुलगा दारात येऊन उभा राहिला. दोन महिन्यांत त्याने कार्यालयाचा उंबरा ओलांडला नव्हता. "कुठं मारत होतास, दाखव," असे विचारल्यावर माझ्याकडे पाहिले. मी मान हलविली. त्याने पुढे येऊन डब्याच्या बाजूच्या पत्र्यावर, वरच्या अंगाला, तळहात ठेवला. पत्रा काढून ठेवलेलाच होता. तो धरून पाहिला, तर हाताच्या अगदी मागे ती पट्टी येत होती. धक्क्याने ती केसभर सरके आणि स्पर्श जुळे. "खाली मारलो तर लागत नाही. पुढनं पण नाही. इथंच," मुलगा म्हणाला. म्हणजे त्यानेही एकेक जागा बदलून पाहिली होती. "तुमच्या अगोदर यानंच शोधलंय, सर," विद्यार्थी म्हणाला. आणि मग मुलाला बजावले, की मारणे औषध नव्हे. आत तबकडी फिरत असते, धक्क्याने ती जाऊ शकते. सगळे लिहिलेले गेले असते. मुलाचा चेहरा उतरला. मला वाटले होते की आता सारा न्याय त्याच्या पारड्यात पडेल. तसेही झाले नाही. तो बरोबर होता आणि धोक्याचेही करीत होता.

आता राहिले माझे काम. तीस वर्षे शिकविले. मुलांकडून 'चुकलो, पुन्हा करणार नाही' हे वाक्य किती वेळा वदवून घेतले असेल याची गणती नाही. स्वतः म्हणावयाची वेळ आली तेव्हा मधल्या सुट्टीपर्यंत टाळले, मग सुट्टीनंतरपर्यंत. शेवटच्या तासाला सातवीच्या वर्गात गेलो. ज्या जागी त्याला उभे केले होते त्या जागी उभा राहिलो आणि सांगितले, की जूनमध्ये मी याला तुमच्यासमोर बोललो ते चुकीचे होते; यंत्र याने मोडले नव्हते; मी नीट न पाहता बोललो. वर्ग गप्प. मग पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मग कोण मोडलं, सर?"

"कोणीच नाही."

हे उत्तर वर्गाला पटले नाही, हे मला चेहऱ्यांवर दिसत होते. मुलांना कोणीतरी लागतोच. ज्याच्यासाठी हे बोललो तो खिडकीबाहेर पाहत होता.

संध्याकाळी खणातील पाकीट काढले. तारखेसह तसेच होते. मावशींच्या हाती दिले तेव्हा त्यांनी उघडून पाहिले नाही. पुन्हा पदराच्या गाठीत बांधले. म्हणाल्या, "आता त्याला ऑफिसात पाठवू काय, सर?"

"त्यालाच विचारा," मी म्हणालो.

तो आला नाही. त्या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही. किल्ली मीच नेत राहिलो, वहीही मीच लिहीत राहिलो. टेबल खिडकीखालून हलवून आतल्या भिंतीशी घेतले. त्यासाठी नवा प्लग बसवावा लागला, तो खर्च तेवढा झाला. गणपतीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी शाळेत पोहोचलो, तो कार्यालय उघडे. यंत्र सुरू. खोलीत कोणी नाही. वही टेबलावर पसरलेली, आणि माझ्या अक्षराखाली पेन्सिलीने, ओळ सोडून, लिहिलेले: '25 सप्टेंबर. सोमवार. पाऊस. पडदा आला. मारलो नाही.'

लाल पेन सवयीने हातात आले होते. 'मारलो'चे 'मारले' केले नाही. ओळीच्या शेवटी, इतर रजिस्टरांवर करतो तशी, सही केली.